निळ्या पाण्यातला चांदीचा क्रूस

“पेटली! ज्योत पेटली!”

पुढच्या रांगेतून आरोळी आली आणि मंडपातली तीन-चारशे माणसं गुडघ्यांवर उठली. मीही उठले, पण भक्तीने नव्हे. माझ्या पुढे बसलेल्या छबूबाईंचा अंबाडा मध्ये येत होता आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

नेवाशाच्या अलीकडे माझ्या माहेरच्या गावाबाहेर एक मोडलेली डाळिंबाची बाग आहे. तिथे हा मंडप. समोर गादीवर निळ्या कफनीतले निळेबाबा, दाढी छातीपर्यंत. त्यांच्या पुढ्यात तिवईवर तांब्याचं थोरलं घंगाळ आणि त्यात काठोकाठ निळंशार पाणी. घंगाळाच्या वर लाकडी चौकट, चौकटीला आडवी तांब्याची सळई, सळईला आकडा. आकड्याला कुणा बाईचं चांदीचं जोडवं अडकवून पाण्यात सोडलेलं. चौकटीच्या माथ्यावर लाल काचेत बारकासा दिवा होता, त्यालाच हे लोक ज्योत म्हणत होते.

“हे साधं पानी न्हवं, माझ्या लेकरांनो!” बाबा गरजले. “समुद्रमंथनातलं निळं इख ह्या घंगाळात बांधून ठिवलंय. इखच इखाला वढतं. तुमच्या अंगातला रोग निघतो, पान्यातनं येतो आन चांदीवर बसतो. डाक्टर रिपोर्ट कागदावर देतो, बाबा रिपोर्ट चांदीवर देतो!”

टाळ्या. जोडवं वर आलं तेव्हा ते तांबूस-लाल झालं होतं.

“बघितलं का बाई?” छबूबाई मागे वळून मला म्हणाल्या. “कसा रोग वढून काढला! माझ्या गुडघ्याचा बी असाच निघाला. आज तिसरा गुरुवार हाय, आज पांढरं हुतंय.”

“गुडघा थांबला का दुखायचा?”

“न्हाई, पर जोडवं लाल झालं की!”

मी त्यांच्या अंबाड्यावरून पुन्हा पुढे डोकावले.

मी हन्ना साळवे. तेहतीस वर्षं नेवासा-पाथर्डीकडच्या हायस्कुलांत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, नगरला सावेडीत राहते. इथे आले ती धाकट्या भावाच्या फोनमुळे. कृपादान म्हणाला होता, “ताई, एंजेलाचा रोग निघतोय. गुरुवारी सुई बंद. तू विज्ञानाची मास्तरीण, ये आन स्वताच्या डोळ्यानं बघ.”

एंजेला त्याची नात, तेरा वर्षांची. ती आठ वर्षांची असल्यापासून तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. म्हणजे दिवसातून चार वेळा सुई, त्याला दुसरा इलाज नाही. सुई बंद केली तर दोन-तीन दिवसांत पोर हातची जाते. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी दहा वेळा सांगितलं होतं. आणि आज सकाळची सुई तिला दिलेली नव्हती. मी एसटीने पोचले तोवर ही मंडळी रांगेत बसलीसुद्धा.

“साळवे! क्रूसवाली पोर!” आसाराम नावाच्या सेवेकऱ्याने पुकारा केला.

एंजेलाच्या गळ्यातला चांदीचा क्रूस मीच तिच्या बाप्तिस्म्याला दिलेला. पहिल्या गुरुवारी तो लाल झाला होता आणि पोर तो लाल क्रूस पंधरा दिवस गळ्यात घालून हिंडत होती. बाबा जात-धर्म बघत नाहीत, हे गावाला फार आवडलं होतं. जोडवं चालतं, ताईत चालतो, क्रूस चालतो. फक्त चांदी पाहिजे.

आम्ही पुढे गेलो. आधी ‘पापक्षालन’. आसारामने क्रूस लिंबाने आणि रांगोळीने खसाखसा घासला, पाण्याने धुतला, मग विड्याच्या पानात धरून आकड्याला अडकवला.

“बोट लावायचं न्हाई,” तो आराधनाला दरडावला. आराधना म्हणजे कृपादानची सून, एंजेलाची आई. “बोट लावलं की इटाळ!”

बाबांनी डोळे मिटले, उजव्या मांडीवर भार देऊन कलले. ज्योत पेटली. दोन-तीन मिनिटांत क्रूसावरची उरलेली लाली विरत गेली आणि चांदी पांढरी झाली. मंडप दुमदुमला. आराधना हुंदके देत होती.

“पोरीच्या रगतातली साखर घंगाळात उतरली!” बाबा म्हणाले. “आता सुईचं इख हिच्या अंगात जाता कामा न्हाई. डबा हितंच ठिवा. दोन दिस उलट्या हुतील, तहान लागंल, घाबरायचं न्हाई. उरलेलं निघतंय म्हनायचं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इन्सुलिन थांबल्यावर पहिल्यांदा जे होतं तेच हा माणूस बरं होण्याची खूण म्हणून सांगत होता!

“आराधना, डबा देऊ नकोस!” मी ओरडले. “मरेल पोर!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नजर क्षणभर माझ्यावर अडकली, मग त्यांनी घाईने तोंड फिरवलं. “ह्या बाई शिकल्याल्या दिसत्यात,” ते गर्दीला म्हणाले. “शिकल्याल्यांना चांदी पांढरी दिसत न्हाई.”

माणसं खो-खो हसली. आसारामने इन्सुलिनचा डबा गादीमागच्या पेटाऱ्यात टाकला आणि मला दंडाला धरून खाली उतरवलं. उतरताना एक गोष्ट दिसली. आकड्याच्या समोर घंगाळाचा पत्रा आतून खाल्ला गेला होता आणि गुलाबी चमकत होता.

*

घरी आल्यावर मी ओट्यावरच तोंड सोडलं.

“मोरचूद आहे ते, कृपा! निळं पाणी म्हणजे मोरचूद! बागेवर फवारायला तू गोण्या आणत होतास ना? आराधनाला गोणीला हात लावू देत नव्हतास, विषारी म्हणून. तेच बाबाच्या घंगाळात आलं की हात जोडतोस?”

“मोरचूद मला वळखू येत न्हाई व्हय?” कृपादानही चिडला. “पयल्याच दिवशी वळखलं. पर मोरचूद माझ्याबी शेडात हाय. बारा वर्सं फवारलं, कवा चांदी लाल झाली का? कवा पांढरी झाली का? पानी काय बी असू दे, शगती बाबाची हाय.”

घ्या! पाणी ओळखलं, आणि तरी हे!

“त्यातून वीज सोडली की होतं.”

“मग कर. आत्ता. माझ्यासमोर.”

“आधी पोरीला दवाखान्यात नेऊ, मग रात्रभर करून दाखवते.”

“आत्याबाई,” आराधना दारातून म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. “तुम्ही एकदा तरी टोचलीय का तिला? मी पाच वर्षं टोचतेय. रोज चार वेळा. माझी चाहूल लागली तरी ती पोट झाकून घेते. आज पहिल्यांदा ती माझ्याजवळ येऊन बसली. तुमच्या शब्दावर मी पुन्हा सुई हातात घेणार नाही. दाखवा, मग बोला.”

एंजेला कोपऱ्यात बसून तिसरा तांब्या पाणी पीत होती.

मी साहित्य मागितलं. शेडमधलं चमचाभर मोरचूद, घरातला पाणी प्यायचा तांब्याचा लोटा, फवारणी पंपातली बॅटरी, दोन वायरी. लोट्यात निळं पाणी केलं. एक वायर लोट्याला, एक क्रूसाला, क्रूस लोट्याला न टेकवता पाण्यात सोडला. बॅटरीचं धन टोक लोट्याला, ऋण टोक क्रूसाला. तेहतीस वर्षं हेच शिकवलं होतं, न बघता आकृती काढते मी!

क्रूसाभोवती बुडबुडे फसफसले. मी तो वर काढला. काळा कुळकुळीत. भुकटीसारखा थर, बोटाला लागेल असा.

“येशू!” आराधनाने छातीला हात लावला. “क्रूस काळा झाला. आत्याबाई, हे काय केलंत?”

“झालं ताई?” कृपादान म्हणाला. “आता सुईचं नाव काढू नगंस.”

मी तशीच बसून राहिले. पोरगी चौथ्यांदा पाणी मागत होती आणि मला माझाच प्रयोग जमत नव्हता. का जमत नव्हता? कारण मी तो केलाच नव्हता! दरवर्षी फळ्यावर आकृती काढायची, उत्तर लिहून द्यायचं, ‘बोर्डाला हमखास येतं, पाठ करा’ म्हणायचं. प्रयोगशाळेला कुलूप. उपकरणं फुटली तर हेडमास्तरांना जाब कोण देणार? प्रत्यक्ष प्रयोग मी उभ्या आयुष्यात एकदाच करून घेतला. पाथर्डीकडच्या शाळेत, तपासणीला साहेब येणार होते म्हणून.

तेव्हा काय केलं होतं? तेव्हाही पहिल्यांदा थर काळा आला होता. मग... मग मी चमचा लिंबाने आणि रांगोळीने घासून घेतला होता. बोटाचा तेलकटपणा लागला तर थर धरत नाही म्हणून कागदात धरायला सांगितलं होतं. आणि वीज जास्त होते म्हणून मध्ये एक बल्ब घातला होता.

लिंबू. रांगोळी. बोट लावायचं नाही. आणि ती ज्योत!

“अगं बाई,” मी मोठ्याने म्हणाले. “माझाच प्रयोग आहे हा!”

“काय?”

“काही नाही. लिंबू आण. रांगोळी आण. कृपा, जोशुआच्या गाडीचा इंडिकेटरचा बल्ब काढ.”

जोशुआ हा त्याचा मुलगा, चाकणला कंपनीत असतो; गाडी अंगणात उभी होती. कृपादान कुरकुरत गेला आणि बल्ब घेऊन आला. मी क्रूस घासून लख्ख केला, कागदात धरला, वायरीच्या मध्ये बल्ब जोडला. जोडताक्षणी बल्ब मंद पेटला.

“ज्योत,” एंजेला हळूच म्हणाली.

“हो बाळा, ज्योत. वीज वाहते आहे एवढंच ती सांगते.”

मिनिटभर क्रूस पाण्यात ठेवला. मग वर काढला. तांबूस-लाल, गुळगुळीत, अगदी पहिल्या गुरुवारसारखा. वायरींची टोकं उलट केली आणि तो पुन्हा पाण्यात सोडला. लाली विरत गेली, चांदी पांढरी झाली.

“परत,” कृपादान म्हणाला. “परत कर.”

परत केलं. लाल. पांढरा. लाल. मग तो स्वतः बसला, स्वतः वायरी बदलल्या, आणि करता करता मी त्याला सांगत गेले. मोरचुदात तांबं असतं. पाण्यात विरघळलं की त्याचे कण सुटे होतात, प्रत्येकावर धन भार असतो. क्रूस ऋण टोकाला जोडला की तो त्या कणांना ओढतो, ते तिथे येऊन पुन्हा धातू होतात, चिकटतात. लोटा धन टोकाला असतो, तो तितकंच तांबं पाण्यात सोडतो, म्हणून पाण्याचा निळा रंग सरत नाही. टोकं उलट केली की हाच प्रवास उलटा. क्रूसावरचं तांबं पाण्यात, पाण्यातलं लोट्यावर.

“म्हंजी लाल काय हुतं,” कृपादान म्हणाला, “भांड्याचं तांबं.”

“भांड्याचं तांबं.”

“आणि माझ्यातून?” एंजेलाने विचारलं. “माझ्यातून काहीच नाही निघालं?”

त्या पोरीच्या तोंडाकडे मला बघवेना. तिचे ओठ सुकले होते, श्वास खोल चालला होता आणि त्याला कुजक्या फळासारखा वास येत होता. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं होतं की आपण बऱ्या झालो. ते मी काढून घेतलं होतं.

“नाही गं बाळा. तू तर पाण्याला हातही लावला नव्हतास.”

तिच्या आईनेच पहिली हालचाल केली. पोरीला उचलून कडेवर घेतलं, तेरा वर्षांच्या पोरीला, आणि सासऱ्यांना म्हणाली, “मामा, टेम्पो काढा.”

नेवाशाच्या दवाखान्यात साखर मोजली तर यंत्रावर आकडाच येईना, इतकी वर गेलेली. डॉक्टरांनी रात्रीच सलाईन आणि इन्सुलिन सुरू केलं. “सकाळची वाट बघितली असती तर मला काही सांगता आलं नसतं,” एवढंच ते म्हणाले. एंजेला रविवारी घरी आली.

*

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा मंडपात. पोलिसांत तक्रार दिली होती. साध्या कपड्यातले दोघं मागे उभे होते. मी बोलायचं ठरवलं होतं, पण कृपादानने मला बोलूच दिलं नाही. लाल क्रूस हातात घेऊन तो तरातरा पुढे गेला.

“म्हाराज, एक मागनं हाय. तेवढं उभं ऱ्हावा आन क्रूस पांढरा करा.”

“आसन सोडलं की शगती उतरती, लेकरा.”

“शगती तुमची हाय का आसनाची?”

मंडपात कुजबुज झाली. आसाराम धावला, पण गावात कृपादानच्या अंगाला हात लावायची हिंमत कुणाला नाही. त्याने गादीचं टोक धरून ओढलं. खाली दारावरच्या घंटीची असतात तशी दोन बटणं निघाली, एक डाव्या मांडीखाली, एक उजव्या. वायरी तिवईखाली जात होत्या. तिथे फवारणी पंपाची बॅटरी.

“डावं दाबलं की लाल,” कृपादान बटण दाबत ओरडला. वर ज्योत पेटली. “उजवं दाबलं की पांढरं! आरं, बॅटरी आपल्याच पंपातली आन मोरचूद आपल्याच शेडातलं!”

“ह्यो शगतीचा अपमान हाय!” बाबा किंचाळले. “घंगाळ कोपंल!”

मी पुढे झाले. आकड्यासमोरच्या त्या गुलाबी डागावर बाहेरून अंगठा ठेवला आणि दाबला. आठवड्यागणिक शेकडो जोडव्यांना तांबं पुरवून तिथला पत्रा कागदासारखा पातळ उरला होता. भोक पडलं. निळ्या पाण्याची धार बाबांच्या कफनीवर आणि गादीवर पडली.

“घ्या,” मी म्हणाले. “तुमचा सगळ्यांचा रोग इथून निघत होता. याच भोकातून. हात धुवा सगळ्यांनी, विषारी आहे ते.”

गलका उडाला. पोलिसांनी पेटारा उघडला. इन्सुलिनचे डबे, दम्याचे पंप, गोळ्यांची पाकिटं, किती जणांची कोण जाणे. आणि बाबा त्या गडबडीत माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, “साळवे बाई.”

“वैजनाथ,” मी म्हणाले.

पाथर्डीकडच्या त्या शाळेतला, शेवटच्या बाकावरचा. आईबाप ऊसतोडीला गेले की शाळेच्या वसतिगृहात राहणारा. तपासणीच्या दिवशी साहेबांसमोर प्रयोग कुणी करायचा म्हणून मी त्याला पुढे केलं होतं, कारण त्याचे हात स्थिर होते.

“लाज नाही वाटली? पोर मेली असती!”

“बाई,” तो म्हणाला, “साऱ्या वर्गाला तुमी उत्तर लिवून दिलं. करून बगायला मला येकट्यालाच मिळालं. ह्या मंडपात तुमच्या हाताखाली शिकल्याली धा-बारा मानसं हायेत. एकाला बी वळखू आलं न्हाई.”

त्याला पोलिसांनी नेलं ते योग्यच झालं, आणि भरपूर दिवस आत राहो. पण मी मंडपात नजर फिरवली, ती माझे विद्यार्थी शोधायला.

मंडप रिकामा होत होता. छबूबाई आसारामला पकडून आपलं जोडवं मागत होत्या. ते मिळाल्यावर लंगडत माझ्याजवळ आल्या.

“बरं झालं बाई तुमी सांगितलं. ह्यो खोटाच निघाला. आता पल्याडच्या तालुक्यात एक हायेत म्हनं, ते लिंबातनं रोग काढत्यात. ते खरे हायेत.”

मी कपाळावर हात मारला. मग त्यांना तिथेच खाली बसवलं, पिशवीतून लोटा काढला, त्यात मोरचुदाचं पाणी केलं, बॅटरी आणि बल्ब काढला, वायरी त्यांच्या हातात दिल्या.

“मला कशाला बाई?” त्या म्हणाल्या.

“धरा. तुम्हीच करा.”

त्यांनी भीत भीत टोक टेकवलं. बल्ब पेटला. जोडवं लाल झालं. त्यांनी वायरी बदलल्या, ते पांढरं झालं. त्यांनी पुन्हा लाल केलं. पाचव्या खेपेला त्या स्वतःशीच म्हणाल्या, “आन गुडघा तर तसाच दुखतोय की,” आणि मग विचारलं, “बाई, हाडाचा डाक्टर कुठं बसतो?”

तेहतीस वर्षांत मला शिकवता आलं नाही ते हे. आता मी गावच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे प्रयोगशाळेची किल्ली मागते आहे. ते म्हणतात, पुढच्या सत्रात बघू. तोवर दर शनिवारी शाळेच्या पायऱ्यांवर बसते. शेजारी एंजेला असते, पोटात स्वतःच्या हाताने सुई घेऊन आलेली, आणि लोटा तीच मांडते. वाचणाऱ्यांनाही माझं तेवढंच सांगणं आहे. मोरचूद तुमच्या शेडात आहे, बॅटरी तुमच्या पंपात आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायची घाई करू नका. आधी स्वतः करून बघा.